चौदा अंशातला मासा

३१ जानेवारी, शुक्रवार

माझ्याच घरात माझ्याविरुद्ध कट शिजला, तोही मी त्याच टेबलावर बसून पोहे खात असताना. ईश्वरीने कॅनडात, पॅसिफिकच्या किनाऱ्यावरच्या एका युनिव्हर्सिटीत मरीन बायॉलॉजीसाठी अर्ज केला होता. ऑक्टोबरात. आज ऑफर आली. स्वप्नाला पहिल्यापासून माहीत होतं. बायको म्हणवते! मला फक्त सही करायला सांगितलं, कुरिअर आल्यावर करतात तशी.

अठरा वर्षं दोहात काढली ती कोणासाठी? पोरगी इथे जन्मली, शाळा ओल्ड एअरपोर्टच्या घरापासून दहा मिनिटांवर, इंजिनिअरिंग कॉलेज इथेच आहे, सोडायला बाप आहे. आणि हिला समुद्र हवा. कतारला तिन्ही बाजूंनी समुद्र आहे, हे मी लक्षात आणून दिलं. ती म्हणाली की बाबा, नॉट धिस सी. तिला केल्पचं जंगल हवंय. केल्प म्हणजे थंड समुद्रात वाढणारं माडाएवढं शेवाळ. त्यात बोटाएवढे मासे राहतात, पोटाखाली चकती असते, तिने पानाला चिकटून बसतात. क्लिंगफिश. त्या बोटभर माशांसाठी आईबापांना सोडून जायचं!

संतापाच्या भरात नामी कल्पना सुचली. पॅसिफिकला जायचं कशाला, पॅसिफिकच घरी आणतो. मी चिलरचा माणूस. वेस्ट बेमधले एकेचाळीस मजले रोज थंड ठेवतो, एक मासा मला काय जड आहे?

करार केला, फ्रिजवर लावला. केल्पमधला मासा आमच्या टाकीत ३० एप्रिलपर्यंत जगला तर ईश्वरी इथेच इंजिनिअरिंग करणार. मेला तर मी कॅनडाच्या फॉर्मवर सही करणार. फॉर्मची मुदत १ मे. साक्षीदार स्वप्ना. ईश्वरीने लगेच सही केली, वर हसली. तिला वाटतंय असला मासा दोहात आठवडाभरही टिकायचा नाही. बापाला ओळखत नाही.

संकल्प: रोज नोंद. फक्त सत्य.

३ फेब्रुवारी, सोमवार

बाविसाव्या मजल्यावरच्या नमिता मॅडमची सातवी तक्रार. केबिनमध्ये गारठा, शाल घेऊन बसावं लागतं. तिथे २२ आहे, त्यांना २४ हवंय. २४ केलं तर शेजारच्या केबिनमधून फोन येतो. बाजीरावला घेऊन गेलो. बाजीराव माझा टेक्निशियन, फलटणचा, आठ वर्षं माझ्या हाताखाली. सोन्यासारखा माणूस. थर्मोस्टॅटच्या आतल्या मेनूत ऑफसेट असतो, तिथे दोन अंश वाढवले. खोली २२ वरच, पण डिस्प्ले दाखवतो २४. मॅडमनी डिस्प्ले पाहिला, शाल काढून खुर्चीवर टाकली, शुक्रन म्हणाल्या, म्हणजे अरबीत थँक्यू.

जेवताना घरी सांगितलं. माणूस कातडीने गारठत नाही, डोळ्यांनी गारठतो, हे माझं जुनं मत. स्वप्नाला का कोण जाणे ताक पिताना जोरात ठसका लागला. ईश्वरीने मात्र बारीक चौकशी केली. मेनू कसा उघडतो, आकडा उणे चालतो का, पासवर्ड लागतो का. टिश्यू पेपरवर आकृती काढून समजावलं. मुलीत इंजिनिअर दडलाय! अर्धी लढाई जिंकली.

७ फेब्रुवारी, शुक्रवार, सकाळी १०

सूक वाकिफ, इथला जुना बाजार. पिंजऱ्यांच्या गल्लीत रमीजचं माशांचं दुकान. मागच्या शनिवारी त्याला क्लिंगफिशचा फोटो दाखवला होता. बराच वेळ बघून म्हणाला होता की मिल जाएगा सर, कॅलिफोर्निया से मंगवाना पडेगा, नेक्स्ट फ्रायडे इन्शाल्ला. आज हजर! मासा घ्यायला स्वतः एअरपोर्टवर जाऊन आला असावा, कारण पँट गुडघ्यापर्यंत ओली आणि चपला चिखलाने भरलेल्या. कार्गोकडे ड्रेनेजचा प्रॉब्लेम दिसतो. मासा बोटाएवढा, हिरवट-तपकिरी, पोटाने पिशवीच्या प्लास्टिकला चिकटलेला. चिकटला म्हणजे क्लिंगफिश. विषय संपला.

दुपारी ४

टाकी हॉलमध्ये. चिलर मी डिझाइन केला, बाजीरावने बसवला. सेट पॉइंट १४.०, पॅसिफिकप्रमाणे. बाजीरावने मासा निरखला आणि म्हणाला की सायब, असलं मासं म्या अल खोरच्या चिखलात बघितल्यात, त्या खारफुटीपाशी. सुट्टीला खेकडे धरायला जातो म्हणे. त्याला सांगितलं, फलटणच्या माणसाने मला समुद्र शिकवू नये. त्यावर स्वप्ना म्हणाली की नाशिकला तरी समुद्र कुठे होता.

ईश्वरीने भिंग आणून पाहिलं. चेहऱ्यावरचं हसू गेलं. म्हणाली की बाबा, धिस इज अ गोबी, गोबीजनाही पोटाखाली चकती असते, हा इथलाच आहे, चौदा अंशात मरेल.

बघा. मासा नव्हता तेव्हा केवढा आत्मविश्वास होता, आणि मासा दिसताच त्याच्या जातीवर संशय.

कंट्रोलरला पासवर्ड घातला. ईश्वरीची जन्मतारीख. कोणाला सुचायचंही नाही.

८ फेब्रुवारी

केल्पशिवाय केल्पचा मासा राहणार कसा? हायपरमार्केटमध्ये कोरियन सामानाच्या रॅकवर वाळवलेलं केल्प मिळालं. दोऱ्याने दगडाला बांधून टाकीत सोडलं. सुंदर दिसतंय.

१० फेब्रुवारी

पाणी तपकिरी आणि बुळबुळीत. वास. ऑफिसातला मधु आला होता. तो त्रिशूरचा, त्याला मासे फक्त ताटातले कळतात. झाकण उघडून म्हणाला की गिरीशभाई, सूप रेडी आहे. सगळे हसले. माझ्याच हॉलमध्ये बसून माझाच चहा पिऊन.

पाणी बदललं. केल्पऐवजी कचऱ्याच्या हिरव्या पिशवीच्या पट्ट्या कापून लावल्या. माशाला फरक कळलेला नाही.

११ फेब्रुवारी, स्पोर्ट्स डेची सुट्टी

संकल्प होता, आजपासून रोज अस्पायर पार्कात पाच किलोमीटर. मासा एकटा राहील म्हणून गेलो नाही.

मासा चार दिवस खात नाही. पांढुरका पडलाय. दिवसभर पंपाला चिकटून असतो, अगदी मोटरच्या बाजूला. पिशवीच्या पट्ट्यांकडे ढुंकून बघत नाही. निरीक्षण: ध्यानस्थ वृत्ती. टाकीच्या काचांना घाम येतोय, पाणी फरशीवर, स्वप्नाचे तीन टॉवेल खर्ची पडले. चौदा अंश म्हटल्यावर काच घामेजणारच. थोडी विज्ञानाची समज असती तर टॉवेल मोजत बसली नसती.

१२ फेब्रुवारी

आज मात्र जिव्हारी लागलं. ईश्वरी म्हणाली की पाणी चोवीस अंशांवर आणा. आधी समजावून, मग हट्टाने, शेवटी डोळ्यांत पाणी आणून. तो पंपाला चिकटतो कारण तिथेच ऊब आहे, म्हणाली. मी साफ नकार दिला. तिचा डाव उघड आहे. पॅसिफिकचा मासा कोमट पाण्यात घातला की तो मरणार, मेला की माझी सही. पोटची पोर बापाच्या डोळ्यांदेखत घातपात करू बघते! आणि वर रडते.

बोर्डाची परीक्षा तोंडावर आहे, म्हणून जास्त बोललो नाही. अर्धा तासच बोललो.

१४ फेब्रुवारी, शुक्रवार

विजय!! मासा पंप सोडून फिरतोय. कोळंबीचे चार तुकडे खाल्ले. रंग परत आला. डिस्प्ले १४.०, दशांशाचाही फरक नाही. मी म्हणतच होतो, सवय व्हायला आठवडा जातो. मी नाशिकहून आलो तेव्हा मलाही आठ दिवस जेवण गेलं नव्हतं.

ईश्वरीला बोलावून दाखवलं. हो बाबा, म्हणाली आणि केमिस्ट्रीचं पुस्तक घेऊन टाकीजवळच बसली. चेहरा पडलेला. हरायची सवय नाही तिला.

१६ फेब्रुवारी

काचांचा घाम पूर्ण थांबला. गुरुवारी मागच्या बाजूला फोमची पट्टी लावली होती, तिचा परिणाम. एका पट्टीत! ऑफिसात प्रेझेंटेशन द्यावं म्हणतो. चिलरही आता फारसा चालू होत नाही. डिझाइन, डिझाइन.

१ मार्च

रमजान सुरू. ऑफिस लवकर सुटतं, तीनला घरी. संकल्प: रिकाम्या वेळात अरबी शिकणे, पाच किलोमीटर, ईश्वरीचा अभ्यास घेणे.

झोपलो. उठून माशाला खाऊ घातलं. आता मी बोट पाण्यात घातलं की येऊन चिकटतो. चकतीची पकड जाणवते. बोट बाहेर काढेपर्यंत सोडत नाही. चौदा अंशाच्या पाण्यात मिनिटभर बोट ठेवणं खायचं काम नाही, मधल्या पेरापर्यंत बधिर होतं. तरी ठेवतो. घरात माझी आठवण काढणारा हा एकच.

७ मार्च

हॉलचा एसी नेहमीप्रमाणे १८ वर. मला १८ लागतंच, धंद्याची सवय. नाशिकहून आणलेला अर्धा स्वेटर घालून माशासमोर बसलो. स्वप्ना बाजूला सुती साडीत, आरामात. बायकांना थंडी कमी वाजते असं दिसतं. वाचायला हवं.

बाजीराव फिल्टर साफ करायला आला होता. स्वप्नाने त्याला पोळ्या बांधून दिल्या. स्वयंपाकघरात दोघं काहीतरी हळू आवाजात बोलत होते, मी गेलो तर गप्प. बाजीराव म्हणाला की वहिनी गावाकडची खुशाली इचारत हुत्या. ठीक.

३० मार्च, रविवार

पाडवा आणि ईद एकाच दिवशी. गुढी बाल्कनीत, वाऱ्याने दोनदा खाली आली. संध्याकाळी इथल्या मराठी मंडळात माझं व्याख्यान: केल्पमधला मासा आणि चिकटून राहण्याचं शास्त्र. स्लाइड्स बेचाळीस. मुद्दा असा मांडला की केवढीही लाट येवो, हा जीव आपलं पान सोडत नाही, आणि आजच्या पिढीने यातून काय ते घ्यावं. टाळ्या चांगल्या पडल्या. जेवणाची रांग तेव्हाच सुरू झाल्यामुळे प्रश्न कोणी विचारले नाहीत.

गाडीत ईश्वरी खिडकीबाहेर बघत म्हणाली की क्लिंगफिशची पिल्लं अंड्यातून बाहेर आली की आधी उघड्या समुद्रात लांब वाहत जातात, पान नंतर धरतात. मी म्हटलं, हे माझ्या स्लाइडवर नव्हतं. ती म्हणाली, आय नो, बाबा.

४ एप्रिल

बोर्डाचा शेवटचा पेपर झाला. संकल्प: तिला घेऊन सगळ्यांनी जेवायला बाहेर. ती म्हणाली की दमलेय. टाकीजवळ बसून होती.

१२ एप्रिल

बाहेर अडतीस, टाकीत १४.०, मासा ठणठणीत. फ्रिजवरच्या करारावर ईश्वरी रोज एक दिवस खोडते. न सांगता. मधुला वाटलं होतं दोन आठवडे टिकेल. आज त्याला मासा बोटावर चिकटवून दाखवला. त्याने स्वतःही पाण्यात हात घातला, माझ्याकडे बघितलं, स्वप्नाकडे बघितलं, आणि म्हणाला की फँटास्टिक, गिरीशभाई, व्हेरी कोल्ड. शेवटी मान्य करावंच लागलं त्याला.

१८ एप्रिल, शुक्रवार

ईश्वरीने इथल्या इंजिनिअरिंग कॉलेजचा फॉर्म स्वतःच भरला. मी सांगायच्या आधी. मेकॅनिकल. मला दाखवून विचारलं, बरोबर आहे ना. बरोबर होता.

आनंदाची बातमी. स्वप्नाला म्हटलं, शिरा कर. ती म्हणाली की तुम्हीच करा. मी केला. खाली लागला. घरात सगळं माझ्या मनासारखं होतंय आणि शिरा एकट्याला खावा लागतोय.

२५ एप्रिल

पाच दिवस उरले. ईश्वरी हसत नाही, भांडत नाही, सगळ्याला हो बाबा. कॅनडाच्या किनाऱ्याचं ते पोस्टर तिच्या भिंतीवरून काढलंय. चार कोपऱ्यांना टेपचे डाग राहिलेत. रंगवून घेऊ. हे तिच्या भल्यासाठीच आहे.

मासा आज बोटाला नीट चिकटला नाही.

२८ एप्रिल, सोमवार, दुपारी ४

करार पूर्ण होणार, तर त्याला कागदपत्र हवं. ऑफिसातला कॅलिब्रेट केलेला थर्मामीटर सर्टिफिकेटसकट घरी आणला. टाकीत घातला. २४.२.

थर्मामीटर बिघडलेला आहे.

दुपारी ४.२०

स्वप्नाचा तापाचा थर्मामीटर चालत नाही, तो पस्तीसच्या खाली जातच नाही. पुन्हा ऑफिसचा. २४.२. बर्फाच्या पाण्यात घालून पाहिला, बरोबर शून्य. म्हणजे थर्मामीटर नाही बिघडलेला.

टाकीत कोपरापर्यंत हात घातला आणि डोळे मिटले. कोमट.

दुपारी ४.४५

कंट्रोलरचा मेनू उघडला. ऑफसेट उणे दहा.

विश्वासघात! माझ्याच घरात, माझ्याच कंट्रोलरवर, माझीच युक्ती! टिश्यू पेपरवर मी स्वतः आकृती काढून दिली होती. पासवर्डसुद्धा तिचाच. अडीच महिने मी कोमट पाण्यात बोट बुडवून बधिर होत होतो. मधुला कळलं होतं. बाजीरावला तर मासा पिशवीत होता तेव्हापासूनच माहीत होतं. नमिता मॅडम झालो मी. आता ईश्वरी लायब्ररीतून येऊ दे, सोडणार नाही. करार रद्द. फसवणूक करून मासा जगवला, म्हणजे

संध्याकाळी ६

वरचं वाक्य लिहिताना थांबलो.

फसवणूक करून मासा जगवला.

मासा मेला असता तर ती जिंकणार होती. तिने काहीच केलं नसतं, नुसती परीक्षेचा अभ्यास करत बसली असती, तर फेब्रुवारीतच मासा मेला असता आणि मी सही केली असती. माझीच वही मागे चाळली. १२ तारखेला रडली. १४ ला मासा फिरायला लागला. १६ ला काचांचा घाम थांबला. फोमची पट्टी म्हणे.

स्वप्नाला विचारलं. ती भाजी निवडत होती, मान वर केली नाही. म्हणाली की मी तिला दहादा सांगितलं, बाळा, राहू दे तो मासा, चार दिवसांचा प्रश्न आहे, बाबा सही करतील. तर पोरगी म्हणाली की माझ्या ॲडमिशनसाठी कोणी मरायचं नाही, मासासुद्धा. मग मी बोलणं सोडलं, म्हणाली. तुमच्याशी बोलून उपयोग नव्हताच.

मी ईश्वरीला काही बोललो नाही. ती आली, टाकीजवळ गेली, डिस्प्लेकडे नाही, माशाकडे बघितलं. मग आंघोळीला गेली. मला फार लाज वाटते आहे. हे इथे लिहायला हरकत नाही, कोणी वाचत नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

सुट्टी टाकली. ईश्वरीला म्हटलं, चल, अल खोरला. मासा झाकणाच्या डब्यात तिच्या मांडीवर. खारफुटीपाशी उतरलो, ती पुढे, मी मागे. पँट गुडघ्यापर्यंत ओली, चपला चिखलाने भरल्या. रमीजचा कार्गो इथेच उतरला होता तर.

थर्मामीटर सोबत आणला होताच. पाणी २७. डबा तिरका केला. मासा क्षणभर माझ्या बोटाला चिकटला, मग सुटला आणि मुळांमध्ये शिरला. एकदाही मागे वळून पाहिलं नाही. पुढच्या मुळाला तसाच दुसरा चिकटला होता. आणि तिसरा. सगळीकडे होते. कॅलिफोर्निया!

ईश्वरीला म्हटलं, ऑफसेट सापडला मला. तिने रिकाम्या डब्याचं झाकण लावलं. मग सॉरी बाबा म्हणाली, मराठीत सांगायला लागली की तो कुडकुडत होता. पहिल्यांदाच एवढं सलग मराठी बोलली. मी म्हटलं, उणे दहा टाकलास ते बरोबर, पण नंतर मेनूचा पासवर्ड बदलायचा असतो, म्हणजे मालकाला उघडता येत नाही. ती हसली. फेब्रुवारीनंतर आज.

३० एप्रिल, बुधवार, संध्याकाळी ७

सही केली. फॉर्म गेला. ईश्वरीने तीनदा विचारलं, शुअर ना बाबा. कराराप्रमाणे केल्पमधला मासा टाकीत जगलेला नाही, कारण तो टाकीत कधी आलाच नव्हता. कायद्याने मी हरलोय, हे तिला पटवून दिलं. ऑगस्टच्या शेवटी जाणार. तिथलं समुद्राचं पाणी चौदाच्याही खाली असतं, म्हणाली. तिला विचारलं, स्वेटर आहे का. नाही म्हणाली, इथे कधी लागलाच नाही.

तेव्हा काहीतरी खटकलं.

संध्याकाळी ७.३०

थर्मामीटर हातातच होता. हॉलच्या भिंतीवरचा डिस्प्ले १८. थर्मामीटर दहा मिनिटं टीपॉयवर ठेवला. २४.५.

स्वप्नाला विचारलं, कधीपासून. म्हणाली की ईश्वरी नववीत असताना तिला सर्दी हटत नव्हती, तेव्हा बाजीरावकडून करून घेतलं. म्हणजे तीन वर्षं. आठ वर्षं हाताखाली, सोन्यासारखा माणूस! तीन वर्षं मी या घरात स्वेटर घालून बसतोय आणि एकानेही सांगितलं नाही. स्वप्ना म्हणाली की तुम्ही खूश होता ना.

संकल्प: उद्या ऑफसेट काढणे. बाजीरावशी अबोला. मे महिन्यापासून पाच किलोमीटर.

संध्याकाळी ८

स्वेटर काढून ठेवला. रिकाम्या टाकीसमोर बसलो. आतून ईश्वरी फोनवर कोणाला तरी कॅनडाचं सांगत होती, भराभर, मध्येच हसत. डिस्प्ले १८ दाखवत होता. पाच मिनिटांनी स्वेटर परत घातला. थंडी वाजत होती.